पंखा फिरतो पण मॉनिटर काळाच: बंद पडलेला कॉम्प्युटर घरच्या घरी कसा तपासावा

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात अशोक चौकाजवळ राहणाऱ्या एका ताईंच्या घरी सहा-सात वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप आहे. मागे कारखान्यात टॉवेलचे माग चालतात आणि पुढच्या खोलीत कॉम्प्युटर असतो. परवा दुपारी लाईट गेली, तीन-चार तासांनी आली, आणि तेव्हापासून बटण दाबलं की आतला पंखा फिरतो, समोरचा दिवा लागतो, पण मॉनिटर काळाच राहतो. मध्येच कधी दोन सेकंदांत सगळं बंद होऊन आपोआप पुन्हा चालू होतं. ओळखीच्या एका मुलानं पाहून ‘मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या’ असं सांगितलं. कॉम्प्युटरमध्ये यजमानांच्या ऑर्डरींचे हिशेब, मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट आणि घरच्या लग्नकार्यांचे फोटो आहेत. नवीन घ्यावा का, आणि आतलं सगळं गेलं का, असं ताई विचारतात.

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण खरी काळजी तिथेच आहे. हिशेब, प्रोजेक्ट, फोटो हे सगळं हार्डडिस्कवर किंवा एसएसडीवर असतं. मदरबोर्ड (सगळे भाग जिला जोडलेले असतात ती मुख्य पाटी) जळाला, एसएमपीएस (भिंतीवरची वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा) उडाला, रॅम (चालू कामापुरती स्मरणशक्ती असलेली पट्टी) खराब झाली तरी डिस्कवरचा मजकूर सहसा जागेवरच राहतो. ती डिस्क काढून दुसऱ्या चालू कॉम्प्युटरला लावली की फाइली दिसतात. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत डिस्क खराब झाल्याची एकही खूण नाही. त्यामुळे आज तरी तुमचं काही गेलेलं नाही असंच धरून चला. मात्र कुणी ‘फॉरमॅट मारून बघू’ म्हणालं तर त्याला थांबवा. मॉनिटरवर अजून कंपनीचं नावसुद्धा येत नाही, म्हणजे विंडोजपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. मग विंडोज पुसून काय साधणार?

आता कॉम्प्युटरकडे वळू. ‘चालू होत नाही’ असं सगळेच म्हणतात, पण त्या एका वाक्यात निदान चार-पाच वेगवेगळे बिघाड असतात. बटण दाबल्यावर कामं ठरलेल्या क्रमानं होतात. प्लग लावलेला असला की एसएमपीएस पाच व्होल्टचा एक छोटा पुरवठा कायम देत असतो, कॉम्प्युटर बंद असला तरीही. बटण दाबलं की मदरबोर्ड एसएमपीएसला इशारा देतो आणि मग बारा, पाच आणि तीन पूर्णांक तीन व्होल्टचा मुख्य पुरवठा सुरू होतो. व्होल्टेज ठीक असल्याचा संकेत एसएमपीएसकडून आला की प्रोसेसर जागा होतो आणि बायोसमधल्या, म्हणजे बोर्डावरच असलेल्या सुरुवातीच्या प्रोग्राममधल्या, सूचना वाचू लागतो. बायोस रॅम तपासतो, डिस्प्ले शोधतो आणि मगच मॉनिटरवर पहिलं अक्षर उमटतं. त्यानंतर डिस्कचा शोध आणि सगळ्यात शेवटी विंडोज. कॉम्प्युटर यातल्या कुठल्या टप्प्यावर अडला हे कळलं की निम्म्याहून जास्त काम झालं.

तुमचा पंखा फिरतो, म्हणजे इशारा पोचतो आणि एसएमपीएस काही ना काही पुरवठा देतो. मॉनिटर काळा आहे, म्हणजे बायोसची तपासणी पुरी होत नाही. या दोहोंच्या मध्ये संशयित कोण? रॅम, बायोसचा सेल आणि सेटिंग, अशक्त झालेला एसएमपीएस, ग्राफिक्स कार्ड (मॉनिटरला चित्र पुरवणारं वेगळं कार्ड) असेल तर ते, प्रोसेसरला वीज देणारी वायर, आणि शेवटी प्रोसेसर व मदरबोर्ड. मदरबोर्डला मी मुद्दाम शेवटी ठेवतो. तो बिघडत नाही असं नाही. पण बाकीचे सगळे एकेक करून निर्दोष ठरल्याशिवाय त्याच्यावर ठपका ठेवता येत नाही, आणि नुसता काळा मॉनिटर पाहून तर नाहीच नाही. आमच्याकडे ‘बोर्ड गेला’ म्हणून आलेली पुष्कळ मशीन रॅम पुसून किंवा सेल बदलून परत गेली आहेत.

लाईट गेल्यानंतरच हे का झालं, हे समजून घेण्यासारखं आहे. मदरबोर्डवर पैशाच्या नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. बायोसची सेटिंग आणि घड्याळ तो सांभाळतो. पण प्लग लावलेला आणि लाईट चालू असेल तोवर हे काम त्या पाच व्होल्टच्या कायमच्या पुरवठ्यावर चालतं, सेलवर ताण येतच नाही. सेल सहा-सात वर्षांत संपला तरी त्याचा पत्ता लागत नाही. लाईट तीन-चार तास गेली की तो उघडा पडतो. सेटिंग विस्कटते आणि काही बोर्ड तर सेल पार मेला असेल तर डिस्प्लेच देत नाहीत. एसएमपीएसमधल्या जुन्या कपॅसिटरांचंही, म्हणजे वीज साठवणाऱ्या गोल भागांचंही, तसंच. सतत चालू असताना ते कसेबसे तग धरतात, पण पूर्ण थंड झाल्यावर पहिल्या झटक्याचा भार त्यांना पेलत नाही. आणि लाईट परत येताना व्होल्टेज क्षणभर वर-खाली होतं, ते वेगळंच. म्हणून ‘कालपर्यंत छान चालत होता हो’ हे अगदी खरं असतं. बिघाड मात्र आधीपासून आत मुरलेला असतो.

कव्हर उघडण्याआधी काही गोष्टी करा. यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही बाजूला ठेवून कॉम्प्युटर थेट भिंतीवरच्या थ्री-पिन सॉकेटला लावा. घरगुती यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. थकलेला यूपीएस दिवा हिरवा दाखवतो, पण कॉम्प्युटरनं एकदम भार घेतला की गुडघे टेकतो. तुमचा कॉम्प्युटर दोन सेकंदांत बंद होऊन पुन्हा चालू होतो, त्याचं हेही कारण असू शकतं. मग मॉनिटर बघा. त्यावर ‘नो सिग्नल’ असं येतं का, की अगदी काहीच येत नाही? ‘नो सिग्नल’ येत असेल तर मॉनिटर शाबूत आहे. मॉनिटरची केबल काढून पुन्हा घट्ट बसवा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावलेली हवी. साफसफाई करताना ती चुकून वरच्या, मदरबोर्डच्या पोर्टला लागते आणि दोन दिवस डोकं खातं. प्रिंटर, पेनड्राइव्ह, मोबाइलची वायर, सगळं काढा. फक्त मॉनिटर आणि कीबोर्ड ठेवा. मग भिंतीचा स्विच बंद करून प्लग काढा आणि कॉम्प्युटरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. आत साठलेली वीज निघून जाते. पुन्हा प्लग लावून चालू करा. एवढ्यानं सुरू होणारी मशीनही असतात.

नाही झालं, तर प्लग काढून डाव्या बाजूचं कव्हर उघडा. मागचे दोन स्क्रू काढले की ते मागे सरकतं. आता तुमच्या भागातली एक खास गोष्ट सांगतो. होटगी रोडवरच्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटर उघडला तर आत साधी धूळ दिसते. साखर पेठेत, अशोक चौकात, अक्कलकोट रोडला, जिथं माग जवळ आहेत तिथं सुताचे बारीक तंतू असतात आणि ते धुळीसारखे उडून जात नाहीत, एकमेकांत गुंततात. प्रोसेसरवरचा पंखा काढला की त्याच्या खाली, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर, नमद्यासारखा जाड थर बसलेला असतो. चिमटीत धरून ओढला की तो अख्खाच्या अख्खा निघून येतो. वरून पंखा फिरताना दिसतो, पण त्याची हवा पट्ट्यांपर्यंत पोचतच नाही. हा थर दमट हवेत ओलावाही धरतो, म्हणून पहिल्या पावसानंतर अशी मशीन जास्त बंद पडतात.

साफ करायला रंगकामाचा मऊ, कोरडा, नवा ब्रश घ्या. ब्लोअर असेल तर उत्तम, पण हवा मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. नाहीतर तो उलटसुलट जोरात फिरून बेअरिंग जातं. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा कुणी सुचवेल, ती मात्र नको. त्या हवेबरोबर टाकीतलं पाणी आणि तेलाचे तुषार येतात. ओलं फडकं तर अजिबात नको. आणि एसएमपीएसचा पत्र्याचा डबा उघडू नका. आपल्या २३० व्होल्टच्या लाईनवर आतले मोठे कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टच्या घरात भरलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसेच राहू शकतात. तो डबा बाहेरूनच झटकायचा.

मग रॅम. तुमच्या लक्षणांत माझा पहिला संशय रॅमवर आहे, म्हणून इथे घाई करू नका. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी उभी, बोटभर उंचीची लांब पट्टी दिसेल, एक किंवा दोन. तिला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. हिवाळ्यात, कोरड्या हवेत, हे विसरू नका. पट्टीच्या टोकांना प्लास्टिकच्या खुंट्या असतात, काही बोर्डांना एकाच टोकाला. त्या बाहेर ढकलल्या की पट्टी वर उचलली जाते. खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते. ती नीट बघा. बंद पडलेल्या मशीनमध्ये तिच्यावर बहुतेक वेळा काळपट पापुद्रा दिसतो. शाळेतला पांढरा मऊ खोडरबर घेऊन दोन्ही बाजूंनी, एकाच दिशेनं, हलक्या हातानं पुसा. सोनं चकाकायला लागेल. रबराचा चुरा सुक्या ब्रशनं झटका. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर सुती कापडाला लावून त्यानं पुसणं आणखी चांगलं. खाचेतही तंतू अडकलेले असतात, ब्रश तिथेही फिरवा. पट्टीच्या कडेवर एक छोटी खाच असते ती स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यानं दाबा. खुंटी आपोआप मिटून ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. हा आवाज येईपर्यंत रॅम बसलेली नसते, दिसायला बसल्यासारखी दिसली तरी.

दोन पट्ट्या असतील तर आधी एकच लावून चालू करा. नाही चालला तर तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी पट्टी. प्रत्येक वेळी प्लग काढूनच हात घालायचा. आणि प्रत्येक वेळी चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटं थांबा. रॅम हलवली की बोर्ड तिची नव्यानं जुळणी करतो. त्यात मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होऊ शकतं. लोक तिथेच घाबरून बटण दाबतात आणि होत आलेलं काम मोडतात.

कान उघडे ठेवा. बोर्डाला छोटा स्पीकर असेल तर तो शिट्टीसारखे आवाज देऊन सांगतो. लांब आवाज पुन्हा पुन्हा आला तर बहुधा रॅम, एक लांब आणि त्यामागून आखूड आवाज आले तर बऱ्याच बोर्डांत डिस्प्लेचा प्रश्न. कंपनीगणिक यात फरक आहे, म्हणून मॉडेलचं नाव पाहून खात्री करावी. अलीकडच्या काही बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी चार नावं आणि शेजारी बारीक दिवे असतात. ज्याच्यापाशी दिवा अडकून राहतो, अडचण तिथे. हे असलं तर माझ्या या सगळ्या लांबलचक सांगण्याची गरजच उरत नाही.

रॅमनं भागलं नाही, तर सेल. नवी पेठेत घड्याळाच्या दुकानातसुद्धा तो शंभर रुपयांच्या आत मिळतो. प्लग काढून, सेलच्या कडेची पत्र्याची चाप हळूच बाजूला केली की तो वर येतो. तसंच पाच-दहा मिनिटं राहू द्या, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ पदावर येते. नवा सेल बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर. चालू केल्यावर ‘एफ १ दाबा’ किंवा ‘तारीख चुकीची आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आला तर आनंद माना, डिस्प्ले आला! बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ लावा. तारीख जुनी राहिली तर विंडोज सुरू होईल, पण बँकेच्या आणि इतर साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडणार नाहीत, कारण त्यांची प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात.

इथे एक खड्डा आहे, त्यात चांगले चांगले पडतात. सेटिंग मूळ पदावर गेली की काही बोर्डांत डिस्क चालवण्याची पद्धतही बदलते. एएचसीआय होती ती आयडीई किंवा रेड होते, किंवा उलट. मग विंडोज निळा पडदा दाखवून ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणतं आणि बघणारा लगेच म्हणतो, विंडोज करप्ट, फॉरमॅट करा. काही करप्ट झालेलं नसतं. बायोसमध्ये साटा मोड (हीच डिस्क चालवण्याची पद्धत) शोधायचा, पूर्वीचा लावायचा, सेव्ह करून बाहेर यायचं, विंडोज जसंच्या तसं उघडतं. ‘यूईएफआय’ आणि ‘लेगसी’ या विंडोज सुरू करण्याच्या दोन पद्धतींचंही असंच. हे माहीत नसल्यामुळे लोकांचे वर्षानुवर्षांचे हिशेब पुसले गेलेले मी पाहिलेत आणि दर वेळी जीव हळहळतो.

अजूनही पडदा काळाच असेल तर वायरी बघा. मदरबोर्डला दोन ठिकाणांहून वीज जाते. एक रुंद चोवीस पिनांचा जोड आणि दुसरा प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा छोटा जोड. हा छोटा जोड सैल असेल तर पंखे मजेत फिरतात आणि प्रोसेसर उपाशी राहतो, म्हणजे तुमचंच लक्षण. दोन्ही काढून पुन्हा बसवा. पिना करपल्यासारख्या तपकिरी दिसतात का तेही पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल आणि बोर्डावरही मॉनिटरचा पोर्ट असेल तर कार्ड काढून केबल तिकडे लावून बघा. डिस्कच्या केबलीही काढून ठेवा. बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम, एसएमपीएस आणि मॉनिटर एवढ्यावर कॉम्प्युटरनं पहिला पडदा दाखवायलाच हवा.

एसएमपीएसची खरी परीक्षा एकच, चांगला एसएमपीएस आणून लावून बघणं. हिरव्या वायरीला काळी जोडून पंखा फिरवून दाखवतात, त्यावरून तो जिवंत आहे एवढंच कळतं, भार पेलतो की नाही ते कळत नाही. मल्टिमीटर असलेला कुणी ओळखीचा असेल तर चालू स्थितीत बारा व्होल्टच्या पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ आणि पाच व्होल्टच्या लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत आकडा यायला हवा. तुमचं मशीन दोन सेकंदांत बंद होऊन पुन्हा उठतं म्हणता, त्यामुळे रॅमनंतर माझा संशय एसएमपीएसवर आहे. आपल्याकडे कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेले हलके एसएमपीएस फार. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४२-४३ वर असताना त्या डब्याच्या आत काय होत असेल याचा विचार करा. कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे.

हे सगळं होऊनही काही आलं नाही, तेव्हा मदरबोर्डकडे बघायचं. टॉर्च मारून प्रोसेसरभोवतीचे उभे गोल कपॅसिटर पाहा. डोकं सपाट असायला हवं. फुगलेलं, फुटलेलं किंवा तपकिरी चिकट काही बाहेर आलेलं असेल तर दोष तिथे. जळका वास येतो का पाहा. फुगलेले कपॅसिटर बदलणारे कारागीर सोलापुरात आहेत आणि जुन्या बोर्डाला ते परवडतं. बोर्डावरची चिप गेली असेल तर मात्र इतक्या जुन्या मशीनवर पैसे घालू नयेत, हे माझं स्पष्ट मत.

ज्यांचं लक्षण वेगळं आहे त्यांच्यासाठी थोडं. पंखा नाही, दिवा नाही, काहीच नाही, तर वीज पोचतच नाही. सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून खात्री करा, मागची पॉवर केबल बदला, एसएमपीएसच्या पाठीवरचा छोटा स्विच बघा. तो लहान मुलांच्या हातून बंद झालेला असतो. समोरचं बटणच आत रुतलेलं किंवा तुटलेलं असणंही फार आढळतं. जाणकाराकडून बोर्डावरच्या बटणाच्या दोन पिना क्षणभर जोडून बघितल्या की ते लगेच कळतं. कॉम्प्युटर सुरू होऊन दोन-पाच मिनिटांत पटकन बंद होत असेल तर उष्णता. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. पंख्याखालचा थर काढा, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, आणि पंख्याच्या चारही खिट्या बोर्डात पक्क्या बसल्यात ना ते बघा.

‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ किंवा तशा अर्थाचं वाक्य येत असेल तर आधी लावून विसरलेला पेनड्राइव्ह काढा, मग डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल बदला. हार्डडिस्कमधून ठराविक अंतरानं ‘टक् टक्’ असा आवाज येत असेल तर त्याच क्षणी बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. अशा डिस्कवर प्रत्येक नव्या प्रयत्नागणिक मजकूर वाचण्याची शक्यता कमी होते.

कंपनीचं नाव येतं, गोल गोल फिरतं आणि पुढे सरकत नाही, हा विंडोजचा प्रश्न. विंडोज सुरू होता होता पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा झालं की पुढच्या वेळी दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथून स्टार्टअप रिपेअर, नाहीतर अलीकडचं अपडेट काढून टाकणं, नाहीतर सेफ मोड, या क्रमानं जा. ‘रिसेट धिस पीसी’ सगळ्यात शेवटी आणि तेही फाइली दुसरीकडे काढून घेतल्यावर. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले, विमानतळांपासून बँकांपर्यंत. त्या यंत्रांत एकही सुटा भाग जळालेला नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली की ती सुरू होत होती. घरच्या कॉम्प्युटरांना त्याचा फारसा फटका बसला नाही, पण निळा पडदा म्हणजे मशीन गेलं असं समजणाऱ्यांनी ती घटना लक्षात ठेवावी.

नव्या लॅपटॉपवाल्यांनी एक सांभाळा. विंडोज ११ मध्ये डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद केलेली असते. बायोस बदलला किंवा डिस्क दुसरीकडे लावली की ती ४८ अंकी बिटलॉकर किल्ली मागते. ही किल्ली साधारणपणे तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, म्हणून त्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड आजच लिहून ठेवा. ताई, तुमच्या मशीनच्या वयाकडे बघता तुम्हाला ही अडचण येण्याची शक्यता कमी आहे.

आता नवीन घ्यावा का? दोष रॅम, सेल किंवा एसएमपीएसचा निघाला तर बिलकुल घेऊ नका, दुरुस्त करून वापरा. बोर्ड किंवा प्रोसेसर निघाला तर विचार करा. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (कॉम्प्युटरमधली सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचं मशीन नेमकं त्या सीमारेषेवर आहे, म्हणून आधी प्रोसेसरचं मॉडेल पाहा. त्याखालचा असेल तर जुना बोर्ड शोधत फिरण्यात अर्थ नाही. मॉनिटर, कीबोर्ड आणि डिस्क मात्र नव्यालाही चालतील.

दुरुस्त झाला की लाईनचं बघून घ्या. मागाच्या मोटरी सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतात आणि त्याच फेजवर कॉम्प्युटर असेल तर दर वेळी त्याचं व्होल्टेज बसतं. वायरमनला सांगून मीटरपासून कॉम्प्युटरसाठी वेगळी लाईन ओढून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर अर्थिंग तुटलेलं किंवा सुकलेलं आहे. आपली जमीन उन्हाळ्यात पार कोरडी पडते आणि अर्थिंगचा खड्डा काम करेनासा होतो, त्यात मधूनमधून पाणी घालावं लागतं. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या, ते दोन-तीन व्होल्टच्या वर नसावं. कॉम्प्युटरही कारखान्याकडच्या दारापासून हलवा आणि जमिनीवर ठेवू नका, फूटभर उंच स्टुलावर ठेवा.

मशीन दुकानात टाकायची वेळ आलीच तर डिस्क आधी काढून घरी ठेवा. दोन केबली आणि बहुधा चार स्क्रू, एवढंच काम आहे. बोर्ड, रॅम, एसएमपीएस तपासायला डिस्क लागत नाही. दुकानदाराला ‘मदरबोर्ड बदला’ असं सांगू नका. ‘पंखा फिरतो, डिस्प्ले नाही, रॅम एकेक करून बघितली, सेल बदलला, थेट सॉकेटला लावून पाहिलं’ एवढं सांगा आणि तुमच्यासमोर दुसरा एसएमपीएस आणि दुसरी रॅम लावून दाखवायला सांगा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. बदललेला जुना भाग परत मागून घ्या आणि बिलावर नव्या भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीसाठी तोच लागतो. डिस्कमधल्या हिशेबांची आताच गरज असेल तर साटा-यूएसबी केबल किंवा एन्क्लोजर (डिस्क आत ठेवून यूएसबीला लावायची डबी) आणा, मुलीच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपला डिस्क लावा आणि यजमानांचं ऑर्डरींचं फोल्डर सगळ्यात आधी कॉपी करा, फोटो नंतर.